हाताखालचा माणूस

माझ्या प्रोफाइलवर गावाच्या रकान्यात बेंगळुरू लिहिलेलं होतं, आणि मी राहत होतो बिदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीत. हायवेला लागून आमचं शेतीच्या अवजारांचं दुकान, दुकानाच्या मागं घर, घराच्या माडीवर माझी खोली. बेंगळुरूत मी नोकरी केली होती, नाही असं नाही. पण लॉकडाउनात बॅग घेऊन घरी आलो तो परत गेलोच नाही. कंपनीचं काम घरून करायचो. उरलेला वेळ, आणि खरं सांगायचं तर कंपनीच्या वेळातलाही बराचसा, एका लायब्ररीवर घालवायचो.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कारखान्यात वेल्डिंग करणारे, माल उचलून ठेवणारे यांत्रिक हात असतात, रोबोट. प्रत्येक कंपनीच्या हाताची भाषा वेगळी. एकाला कळतं ते दुसऱ्याला कळत नाही. मी पायथनमध्ये असा कोड लिहायलो होतो की वापरणाऱ्यानं एकाच भाषेत सांगावं आणि ज्या त्या हाताला ते त्याच्या भाषेत पोचावं. बिदरच्या बाजारातला अडत्या गिऱ्हाइकाचं तोंड बघून मराठी, कानडी नाहीतर दख्खनी काढतो, तसंच हे. आणि सगळं उघडं, ओपन सोर्स. कुणीही फुकट घ्यावं, वाचावं, चूक दिसली तर सुधारून परत पाठवावं.

हे मी एकदा अप्पांना, म्हणजे वडलांना, समजावून सांगितलं होतं. ते दुकानात स्प्रे पंपाचा वायसर बदलायले होते.

"मंजे तू करतूस ते कोण घेतंय?"

"जगभरचे लोक घेतात, अप्पा."

"पैसे देतेत?"

"न्हाई."

"मग घेतंय कामून म्हंतूस? नेतंय म्हण."

 अप्पांच्या पुढं शब्दाला शब्द लावून कुणी जिंकलेलं मला माहीत नाही. गावात कुणी विचारलं, की तुमचा पोरगा सध्या काय करतो, तर अप्पा बोट वर करून सांगायचे, "वर असतंय." आता ऐकणाऱ्याला वाटावं की पोरगं देवाघरी गेलं. मला त्याचा राग यायचा, पण रागापेक्षा लाज जास्त. कारण मला स्वतःलाच वाटायचं की हे सांगण्यासारखं काम नाही. आणि जगाला सांगताना वाटायचं की हे सांगण्यासारखं गाव नाही. खाली युरियाची पोती आणि वर रोबोटचा कोड, असं कळलं तर कोण शहाणा माणूस आपल्या कारखान्यातला हात माझ्या भरवशावर हलवेल? म्हणून बेंगळुरू.

त्यात आणखी एक गोम होती. माझ्याकडं हात नव्हता. बेंगळुरूच्या कंपनीत मी खरे रोबोट चालवले होते, पण माडीवर होता फक्त लॅपटॉप आणि पडद्यावरचा खोटा हात. खोटा हात कधी कुणाला लागत नाही, त्यामुळं तो काही शिकवतही नाही. खऱ्या हातावर माझा कोड चालवून बघणारा एकच भला माणूस होता. तो गुलबर्ग्याच्या पलीकडं अफजलपूरला होता.

अफजलपूरच्या एका लहानशा खाजगी तंत्रशाळेत ते मास्तर होते. कुठल्याशा कारखान्यानं भंगारात काढलेला एक जुना हात त्यांनी मिळवला, ऊस वाहायच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून शाळेत आणला, आणि माझी लायब्ररी वापरून तो पुन्हा हलता केला. मला त्यांनी त्याचा व्हिडिओ पाठवला होता. हात वर झाला तसा मागून पोरांचा ओरडा ऐकू येतो, तेवढा भाग मी कितीदा तरी लावून ऐकला. पुढं मी काही नवीन केलं की आधी ते बघायचे आणि कळवायचे.

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत, आणि लिहूनच. ते मला 'डिअर सर' लिहायचे, मी त्यांना 'डिअर सर' लिहायचो. मधे फक्त अर्ध्या दिवसाचा बसप्रवास, आणि दोघं एकमेकांना 'वॉर्म रिगार्ड्स' टाकायलो. ते अफजलपूरचे आहेत हे मला माहीत होतं, त्यांनी कधी लपवलंच नाही. मी मात्र मन्नाएखेळ्ळीचा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नंबर दिला होता. एकदोनदा फोनही केला, मी उचलला नाही. उचलला तर मागं हायवेवरच्या ट्रकांचे भोंगे ऐकू येणार, आणि माझं कानडी ऐकलं की दोन वाक्यांत कुणीही सांगेल हा बिदरकडचा. मग मी लिहायचो, 'सॉरी सर, मीटिंगमध्ये होतो.' कसली मीटिंग? अव्वा, म्हणजे आई, शेंगा फोडायली होती, मी शेजारी बसून खायलो होतो.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. आमच्या दुकानाचा हा मोठा सण. दिवाळीला गिऱ्हाईक असतं, म्हणून अप्पांचं लक्ष गल्ल्याकडं; खंडेनवमीला मात्र माणूस पुरा देवाच्या स्वाधीन. आदल्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पुसून घ्यायची. तराजू, पाने, वेल्डिंगचं मशीन, ट्रॅक्टर, दारात टेकवलेले नांगराचे फाळ. दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार, दारावर कोहळा फोडायचा, ट्रॅक्टरच्या चाकाखाली लिंबं. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं, त्यामुळं कुंकवाच्या आधी विभूती; तीन बोटांनी, आडवी. आणि एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची सकाळ होईपर्यंत उचलायचं नाही. त्यालाही एक दिवस विसावा पाहिजे. उचललं तर वर्षभर ते हत्यार दगा देतं, असं अप्पांचं म्हणणं, आणि त्याचे दाखलेही त्यांच्याकडं तयार असतात. कुणाची मोटर जळाली, कुणाचं बोट कापलं.

त्या सकाळी मी लवकर उठून कामाला बसलो होतो. नवीन आवृत्ती तयार होती. तिच्यात मी वेगाचा अर्थ बदलला होता. आधी कुणी पन्नास लिहिलं तर हात सेकंदाला पन्नास मिलिमीटर सरकायचा, म्हणजे गोगलगाय. आता पन्नास म्हणजे त्या हाताच्या पुऱ्या वेगाच्या शंभरातले पन्नास. म्हणजे अर्धा वेग. आणि अशा हाताचा अर्धा वेग म्हणजे माणसाच्या डोळ्याला नुसती सपकन रेघ दिसते. बदल चांगला होता, बऱ्याच जणांनी मागितला होता. पण ज्यांचे जुने प्रोग्रॅम आहेत त्यांना आधी ठळक इशारा द्यायला पाहिजे होता. आवृत्ती जगासाठी सोडायची आज्ञा मी टाईप केली, पुरी केली, आणि मग आठवलं की इशारा लिहायचाच राहिला. एंटर दाबायचं बोट मागं घेतलं. ती ओळ पुसून टाकायला किती वेळ लागला असता? पण नाही पुसली. म्हटलं, लिहू इशारा आणि मग दाबू.

तेवढ्यात खालून अप्पांची हाक आली.

"आरं, तुझं हत्यार आण की खाली!"

मला कळेना. "माझं कसलं हत्यार?"

"ज्याच्यावर तुझं पोट चालतंय ते. कॉम्प्युटर. पूजेला मांडायचाय."

जिन्यात उभा राहिलो आणि खरं सांगतो, मला भरून आलं. इतकी वर्षं पूजेत पाने बसले, तराजू बसला, गेल्या साली नवीन आलेला वजनकाटाही बसला. माझा लॅपटॉप कधी बसला नव्हता, आणि मी कधी म्हटलंही नव्हतं. अव्वा मागून ओरडली, "आंगूळ न्हाई केलास आजून, पारोसा हात लावू नको पूजेला!" अप्पा म्हणाले, "तू जा, म्याच आणतो." मी उड्या मारत आंघोळीला गेलो. बादलीत पाणी ओतताना गाणं म्हणायलो होतो, एवढा खूश.

आंघोळ करून नवा सदरा घालून आलो तर दुकान माणसांनी भरलेलं. शेजारचे, ओळखीचे शेतकरी, गुळाचे व्यापारी, चुलत काका. चौरंगावर मधोमध माझा लॅपटॉप. उघडाच. मिटून कसं चालेल, अप्पांचा हिशोब, देवाला तोंड दिसायला नको? पडद्यावर वरून हार सोडलेला. आणि खाली, कळींमधली कडेची सगळ्यांत मोठी कळ बघून, तिच्यावर तीन बोटांनी विभूती ओढलेली. स्वच्छ, पांढरी, सरळ.

ती कळ म्हणजे एंटर.

ते मला लगेच कळलं नाही. मी हात जोडून उभा राहिलो. चुलत काकांनी अप्पांना विचारलं, "हे काय नवीन, अण्णा?" आणि अप्पांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या पोराचं हत्यार हाय. ह्याच्यावर मशीन हालतेत परदेशात." परदेशात मशीन हलतात हे त्यांच्या ध्यानात होतं तर! मी खाली बघून हसलो. तेव्हाच खिशात फोन थरथरला. मेल होती, आपोआप येणारी: नवीन आवृत्ती प्रसिद्ध झाली.

मी पडद्याकडं बघितलं. झेंडूच्या फुलांच्या मधून हिरव्या ओळी दिसायल्या होत्या. सगळं पाठवून झालं, असं शेवटच्या ओळीत.

 मला अफजलपूर आठवलं. मास्तरांनी आठवडाभर आधी लिहिलं होतं, की खंडेनवमीला शाळेत पाहुणे येणार आणि आपला हात सगळ्या यंत्रांची आरती करणार. 'आज सगळ्या मशीनना सुट्टी, पण हा पुजारी आहे, ह्याला ड्युटी,' असा विनोदही केला होता. तालमीचा व्हिडिओ होता. हात ताट धरून सावकाश, गोल, अगदी एखाद्या म्हाताऱ्या अय्यांसारखा, म्हणजे पुजाऱ्यासारखा, फिरत होता. त्यांचा कॉम्प्युटर सुरू केला की माझी ताजी आवृत्ती आपणहून ओढून घ्यायचा. असं करू नका, म्हणून मी एकदा लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं होतं, 'सर, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.'

मी फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. आवृत्ती मागं घेता येते, पण त्याचे पासवर्ड सगळे लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप पूजेत. अप्पांनी आरती सुरू केली होती. एका हातात घंटी, डोळे मिटलेले.

आता इथं मला जे वाटतं ते नीट सांगतो. मी थांबलो. आरती संपेपर्यंत थांबलो. अफजलपूरला एका माणसाच्या अंगावर यंत्र धावून जाईल हे माहीत असताना मी टाळ्या वाजवत उभा राहिलो. पूजा मोडायची भीती होती का? मी काही तेवढा देवभोळा नाही. अप्पांनी नुकतं चारचौघांत 'माझ्या पोराचं हत्यार' म्हटलं होतं, आणि ते हत्यार तिथं अजून थोडा वेळ बसलेलं मला पाहिजे होतं. एवढंच कारण. ह्यापेक्षा चांगलं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

आरती संपली तसा मी पुढं झालो आणि लॅपटॉप उचलला. हार तुटला, झेंडू खाली पडले, सुपारी घरंगळत तराजूखाली गेली. अप्पा म्हणाले, "आरं, आरं, काय करायलास! उद्या सकाळपत्तर..."

आणि मी ओरडलो. सगळ्यांच्या देखत. "अप्पा, तुमाला कुणी सांगितलं होतं ह्याला बोट लावायला? कळत न्हाई त्यात कामून हात घालता?"

 अप्पांच्या हाताला अजून विभूती होती. त्यांनी ती धोतराला पुसली. ज्या माणसापुढं शब्दाला शब्द लावून कुणी जिंकलं नव्हतं, तो माणूस गप्प बसला. चुलत काका चुरमुरे वाटायला लागले, काहीतरी करायचं म्हणून.

माडीवर जाऊन मी आवृत्ती मागं घेतली. मास्तरांना फोन लावत राहिलो. दुपारी त्यांचाच मेसेज आला. इंग्रजीतच, आणि नेहमीसारखाच सभ्य. लहानसा अपघात झाला. पाहुण्यांना कुंकू लावता यावं म्हणून हाताभोवतीच्या जाळीचं दार उघडं ठेवलं होतं. हात जोरात फिरला, ताट उडालं, पेटता कापूर खाली पडला. पोरं जवळ होती म्हणून ते स्वतः हात बंद करायच्या लाल बटणाकडं झेपावले. बटण दाबलं गेलं, पण त्याआधी हात त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडलंय. पोरांना कुणाला लागलेलं नाही. शेवटी लिहिलं होतं, 'चिंता करू नका सर. जमेल तेव्हा नवीन आवृत्ती तपासाल का?'

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डाव्या हातानं एकेक अक्षर टाईप करून त्या माणसानं मला 'सर' लिहिलं होतं.

अशी चूक झाली की ओपन सोर्समध्ये ती उघड लिहून काढायची रीत आहे. काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. लोक विश्वास ठेवतात तो ह्याच रीतीवर. मी लिहायला बसलो. आधी खरं लिहिलं: माझ्या वडलांनी पूजा करताना कळीवर विभूती लावली. इंग्रजीत ते वाक्य वाचलं आणि माझे कान तापले. कोण कुठले लोक, जर्मनीत, जपानात, हे वाचणार. विभूती म्हणजे काय ते सांगावं लागणार. कळीवर राख! हसून हसून लोळतील, आणि उद्या कोण वापरेल ही लायब्ररी? मी ते खोडलं. त्या जागी लिहिलं, 'टाईप करून ठेवलेली आज्ञा माझ्या असिस्टंटच्या हातून नजरचुकीनं सुटली.' असिस्टंट. म्हणजे हाताखालचा माणूस. वाक्य कसं ऐटीत दिसायला लागलं. बेंगळुरू, आणि वर असिस्टंट.

लोकांनी खाली लिहिलं. एकानं सांगितलं, असिस्टंटच्या हातातले अधिकार काढून घ्या. दुसऱ्यानं विचारलं, आज्ञा टाईप करून उघडी सोडलीच कुणी? त्याला मी उत्तर दिलं नाही. एका बाईनं लिहिलं, 'त्याला रागावू नका. आमच्या सगळ्यांच्या हातून असं कधी ना कधी झालंय, हे त्याला जरूर सांगा.'  रागावून तर झालं होतं.

संध्याकाळी अप्पा माडीवर आले. ते सहसा वर येत नाहीत, गुडघे दुखतात. दारातच उभे राहिले.

"कुणाला लागलं का?"

"व्हय. एका मास्तरांचं मनगट मोडलं."

"माझ्या बोटानं?"

मी म्हणायला पाहिजे होतं, नाही अप्पा, माझ्या आळसानं. बैल जुंपून गाडी रस्त्यावर सोडून दिली ती मी. मी म्हणालो, "आता झालं ते झालं."

"कुटं असतेत ते?"

"अफजलपूरला."

"मग चल की! अफजलपूर काय अमेरिकेत हाय? मला वाटलं परदेशात लागलं कुणाला, तिथं कसं जावं. दसरा झाला की चल भेटायला."

आमच्याकडं ही रीत आहे. आपल्यामुळं कुणाला लागलं तर त्याच्या दारी जायचं. फोनवर भागत नाही. मी काढायची तेवढी कारणं काढली. ऑफिस आहे, बस मिळत नाही, त्यांना त्रास कशाला. अप्पा म्हणाले, "तू नको येऊस. मला नुसतं नाव आन पत्ता दे." मग गेलोच.

हुमनाबादला बदलून गुलबर्गा, गुलबर्ग्याहून अफजलपूर. अप्पांच्या मांडीवर सीताफळांची पिशवी आणि वरच्या खिशात बन्नीची पानं. दसऱ्याला आमच्या भागात आपट्याच्या जागी बन्नी, म्हणजे शमी, देतात. बन्नी घ्या, बंगारासारखं, म्हणजे सोन्यासारखं, राहू, असं म्हणायचं आणि लहानानं मोठ्याच्या पाया पडायचं. सालभराचं भांडण तिथं मिटतं. वाटेत दोन्हीकडं ऊस, आणि मला फक्त एकच दिसत होतं, की आता बेंगळुरूचं पितळ उघडं पडणार. माझी एवढीच काळजी होती. शेजारी बसलेल्या माणसाचा विचार मनाला शिवला नाही.

मास्तर माझ्याहून थोडेच मोठे निघाले. उजवा हात प्लास्टरात, गळ्यात झोळी. मी नाव सांगितलं तशी त्यांनी डाव्या हातानं खुर्ची ओढली आणि इंग्रजीतच सुरुवात केली, "सर, तुम्ही बेंगळुरूहून एवढ्या लांब..."

अप्पा कानडीत म्हणाले, "बेंगळुरू कशाला? आम्ही मन्नाएखेळ्ळीची माणसं. सकाळच्या गाडीनं आलो."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी सीताफळांकडं बघितलं. मग ते मोठ्यानं हसले, आणि इंग्रजी जे सोडलं ते सोडलंच. "मन्नाएखेळ्ळी? हुमनाबादला माझी मावशी हाय! शंभरदा त्या रस्त्यानं गेलो असंन. कामून सांगितलं न्हाई हो तुम्ही?" मी काहीतरी पुटपुटलो. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं, मागून चहा आला. वाटलं, सुटलो. एवढ्यावर भागलं.

मग मास्तर म्हणाले, कानडीतच, अगदी सहज, "सर, तो तुमचा असिस्टंट, त्याला कामावरून काढलं न्हाई ना? मी वाचलं तुमचं लिहिलेलं. माझ्या मनाला लागलं बगा. नवीन पोरगं असंल. माझी पोरंबी असंच कायतरी दाबतात. त्याला म्हणावं, मास्तरचा राग न्हाई."

अप्पांनी कप खाली ठेवला. "कोण असिस्टंट?"

"ते लिहिलं होतं की सरांनी. हाताखालच्या माणसाच्या हातून चुकून सुटलं म्हणून."

अप्पांनी माझ्याकडं वळून बघितलं. फार वेळ नाही. त्या वेळात मी तोंड उघडू शकत होतो. कानडी येत होतं, मराठी येत होतं, जीभ जागेवर होती. मी कपातल्या चहाकडं बघत राहिलो.

"मीच की तो," अप्पा म्हणाले. "ह्याच्या हाताखाली हाय मी. म्हातारपणी शिकायलोय, नीट येत न्हाई अजून. म्हणूनच तर आलो."

मास्तरांना वाटलं गंमत आहे. ते हसले, त्यांची बायकोही हसली. अप्पांनी खिशातून बन्नीची पानं काढली, मास्तरांच्या डाव्या हातावर ठेवली, म्हणाले, "घ्या, बंगारासारखं राहू," आणि वाकले. दुखऱ्या गुडघ्यांनी, पुरते खाली, आपल्या पोराच्या वयाच्या माणसाच्या पायापर्यंत. मास्तर ताडकन उठले, "अय्यो, अप्पा, तुम्ही मोठे, हे काय!" एका हातानं त्यांना धड उचलताही येईना. अप्पा उठता उठता म्हणाले, "हाताखालच्यानं पाया पडावं लागतंय, मास्तर. रीत हाय." पुन्हा सगळे हसले. मास्तर हसता हसता माझ्याकडं बघायले, आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांना कळलं असावं.  त्यांनी सीताफळं आत न्यायला बायकोला सांगितलं.

परतीच्या गाडीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. गुलबर्गा मागं पडलं. मग अप्पांनी विचारलं, "इंग्रजीत बापाला काय म्हंतेत रं?"

"फादर."

त्यांनी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. "ल्हानच हाय की. असिस्टंटपेक्षा ल्हान."

मला रडू आलं. चालत्या बसमध्ये, एवढा घोडा झालेला मी. म्हणालो, "अप्पा, घरी गेल्या गेल्या बदलतो. खरं काय ते लिहितो. माझंच चुकलं म्हणून लिहितो."

"नको."

"नको कामून?"

"बाप इबूती लावत बसला होता म्हणून लिवलास तर लोक हसतील तुला. परदेशातली माणसं. इतकी मेहनत घेतलास वर बसून, त्याचा इस्कोट कशाला? असिस्टंटच बरा हाय." मग खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "मी काय वाचायलोय का ते?"

मास्तरांचं प्लास्टर निघालं. मनगट पहिल्यासारखं वळत नाही, पण हात चालवतात. आता आम्ही फोनवर बोलतो, कानडीत. त्या दिवसाचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही. लायब्ररीत आता आज्ञा दिली की ती तीनदा विचारते, खरंच सोडू का म्हणून. वेगाचा बदल मी इशाऱ्यासकट पुन्हा आणला, लोकांनी वाखाणला.

आणि मी चूक लिहून काढली होती ते पान तसंच आहे. कुणीही उघडून वाचावं. मी कधीमधी उघडतो, बदलायच्या बटणावर जातो, असिस्टंट खोडतो, फादर लिहितो. मग तो एकच शब्द बघून कोण काय विचारेल ते डोळ्यापुढं यायला लागतं, आणि मी न साठवता पान मिटतो. अप्पा नको म्हणाले होते, असं मी स्वतःला सांगतो. त्यांनी नको म्हणावं म्हणूनच मी बसमध्ये 'बदलतो' म्हणालो होतो, हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही तेव्हाच माहीत होतं.